सायबर कायदा शिकवायला सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईतील एका विधी महाविद्यालयात यंदा प्रथमच सायबर कायदा शिकवण्याची जबाबदारी आलेल्या एका तरुण वकील भगिनींनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. सुरुवात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० पासून करावी का? मुळात हा स्वतंत्र विषय आहे, की जुनेच कायदे इंटरनेटला लावून दाखवले म्हणजे पुरे? आणि संगणकाचे शिक्षण नसलेल्या माणसाने तो शिकवायला घ्यावा का?

मी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात २३ वर्षे वकिली करतो आणि गेली ८ वर्षे सायंकाळच्या वर्गांना हा विषय शिकवतो. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट नकार असे आहे, आणि ते ठेच लागून आलेले आहे. पहिली ४ वर्षे मी अधिनियम हाती घेऊन व्याख्या, मग कलम ४३, ६५, ६६, ६७ अशा क्रमाने शिकवत गेलो. विद्यार्थ्यांनी कलमे पाठ केली, गुणही चांगले मिळवले. त्या चौथ्या वर्षाच्या अखेरीस एक विद्यार्थी मला भेटायला आला. त्याच्या डोंबिवलीच्या आत्याला ‘मागील बिल न भरल्याने आज रात्री साडेनऊ वाजता वीजपुरवठा खंडित होईल’ असा मेसेज आला होता. तिने त्यातल्या क्रमांकावर फोन केला, पलीकडच्या ‘अधिकाऱ्याने’ सांगितलेले अॅप मोबाइलवर घेतले आणि पंधरा मिनिटांत तिच्या खात्यातून १ लाख ४० हजार रुपये गेले. कोणते कलम लागेल, असे मी त्यालाच विचारले. ‘६६-ड’ हे त्याचे उत्तर चुकीचे नव्हते. परंतु ते का लागते, त्याच्या जोडीला आणखी काय लागते, पुरावा काय जपायचा आणि आत्याचे पैसे कोणाच्या दारात जाऊन मागायचे, यातले काहीही त्याला सांगता येईना. येणार कुठून? मी ते शिकवलेच नव्हते.

तेव्हापासून माझे अर्धे सत्र आत्याच्या या एका प्रकरणावर जाते. फळ्यावर पहिल्यांदा लिहायची ती ठकवणुकीची व्याख्या. ती १८६० सालच्या दंड संहितेत कलम ४१५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे आणि तिचा गाभा तोच आहे. या व्याख्येला दोन फाटे आहेत. एकात फसवलेल्या माणसाला मालमत्ता हवाली करायला प्रवृत्त केले जाते. दुसऱ्यात, फसवणूक झाली नसती तर त्याने जे कधीच केले नसते ते त्याच्याकडून करवून घेतले जाते आणि त्यातून त्याचे नुकसान होते किंवा होण्याचा संभव असतो. आता वर्गाला विचारावे की आत्याने नेमके काय केले. तिने कोणाला पैसे पाठवले नाहीत. तिने एक अॅप घेतले, पडदा दुसऱ्याला दिसू दिला, आणि पैसे त्या दुसऱ्याने स्वतःच वळते केले. मग ‘हवाली करणे’ घडले का? इथे वर्गात दोन तट पडतात आणि ते पडू द्यावेत, कारण हा नुसता शब्दांचा कीस नाही. जुने ४२०, म्हणजे आताचे ३१८(४), लागण्यासाठी मालमत्ता हवाली झालेली असावी लागते किंवा मूल्यवान रोखा, म्हणजे कायदेशीर हक्क देणारा दस्तऐवज, तयार करवून घेतलेला, बदललेला वा नष्ट केलेला असावा लागतो. त्याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ते अजामीनपात्र आहे. दुसऱ्याचा पासवर्ड वापरल्याबद्दलचे ६६-क आणि संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून ठकवल्याबद्दलचे ६६-ड यांना मात्र ३ वर्षांपर्यंतच शिक्षा आहे, आणि कलम ७७-ब नुसार असे गुन्हे जामीनपात्र ठरतात. आरोपी त्याच संध्याकाळी घरी जातो की ठाणे मध्यवर्ती कारागृहात, हे १८६० सालच्या एका क्रियापदाचा अर्थ आपण कसा लावतो यावर अवलंबून राहते.

हे एकदा विद्यार्थ्याला दिसले की अधिनियमातले कलम कशासाठी आहे हे त्याला आपोआप उमगते. समजा आत्याने फोनच केला नसता, एखाद्या दुव्यातून मोबाइलमध्ये घुसलेल्या प्रोग्रॅमने परस्पर पैसे नेले असते. फसवला गेलेला माणूसच नाही, आणि यंत्र काही ठकत नाही, तेव्हा ठकवणुकीची व्याख्या इथे लंगडी पडते. कलम ४३ आणि त्याला जोडलेले ६६ यांना कोणी फसावे लागत नाही. मालकाच्या परवानगीवाचून, अप्रामाणिकपणे किंवा कपटाने संगणकात शिरणे त्यांना पुरते. ‘परवानगीवाचून’ या शब्दाची गरज का पडली, हे जुन्या कलमाशी झुंजल्यावरच कळते.

तोतयेगिरीबाबत मात्र नवे सांगण्यासारखे थोडेच आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला आणि त्याने पेशवाईतल्या शहाण्यासुरत्यांना वर्षानुवर्षे घोळात घेतले. मेसेजमधला वीज अधिकारी त्याच जातकुळीतला. २०१६ च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तिथली मुले अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तिकडच्या लोकांकडून पैसे उकळत होती. इंटरनेटवरून चालणारे दूरध्वनी होते, पीडित हजारो मैलांवर होते, पण गुन्ह्याचा आत्मा तोतयेगिरीचा होता आणि तो ओळखायला कुणाला नवे पुस्तक उघडावे लागले नाही.

इथून आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. हा वाद आपल्याकडचा नव्हे. १९९६ साली शिकागोत भाषण करताना अमेरिकेतील न्यायाधीश फ्रँक ईस्टरब्रुक म्हणाले होते की, घोड्यांच्या खरेदीविक्रीचे, घोड्याने लाथ मारल्याचे, शर्यतीच्या परवान्याचे असे अनेक खटले होतात, म्हणून कोणी ‘घोड्याचा कायदा’ हा विषय शिकवत नाही; करार, अपकृत्य आणि मालमत्ता नीट शिकवा, घोडे त्यात आपोआप येतील, आणि इंटरनेटही येईल. १९९९ मध्ये कायद्याचे अमेरिकी प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांनी त्याला उत्तर दिले: इंटरनेटवर माणसाने काय करावे हे कायद्याइतकेच प्रोग्रॅमची रचना ठरवते, आणि ती रचना कायद्याने बदलता येते, म्हणून हा विषय स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगा आहे. कोर्ट नाक्यावर पक्षकार समोर बसलेला असताना मला ईस्टरब्रुक पूर्ण पटतात; मध्यस्थांची, म्हणजे इतरांचा मजकूर वाहून नेणाऱ्या संकेतस्थळांची व अॅपची, जबाबदारी सांगणारे कलम ७९ शिकवायला उभा राहिलो की ते पटेनासे होतात, कारण कोट्यवधी लोकांचे म्हणणे क्षणात पुढे नेणारा, तरीही त्यातले काहीच स्वतः न बोलणारा असा कोणी १८६० किंवा १८७२ च्या विधिकर्त्यांसमोर नव्हता.

जुना कायदा कुठवर ताणतो हे दाखवायला माझे आवडते प्रकरण खामगावचे आहे, आणि ते मराठी विद्यार्थ्यांना न सांगणे म्हणजे करंटेपणा होईल. १९५९ च्या जुलैत अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी खामगावच्या केडियांना ट्रंक कॉल करून सरकीच्या पेंडीची मागणी नोंदवली आणि केडियांनी फोनवरच होकार दिला. पुढे माल मिळाला नाही म्हणून अहमदाबादला दावा लागला. प्रश्न एवढाच होता की करार झाला कुठे: होकार उच्चारला त्या खामगावात, की तो ऐकला गेला त्या अहमदाबादेत? करार अधिनियम १८७२ चा. पत्राच्या बाबतीत स्वीकृती टपालात टाकली की प्रस्ताव देणारा बांधला जातो. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले की टेलिफोनवरचे बोलणे समोरासमोरच्या बोलण्यासारखे आहे, म्हणून करार अहमदाबादेत झाला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी वेगळे मत दिले: कलम ४ चे शब्द स्पष्ट आहेत, होकार बोलणाऱ्याच्या हातून सुटला तिथे तो पुरा झाला, आणि टेलिफोन नवा आहे म्हणून जुने शब्द बाजूला सारता येणार नाहीत. दोन्ही मते मूळ शब्दांत वाचायला द्यावीत. मग विचारावे की वाशीच्या बाजार समितीतल्या गाळ्यावरून कांद्याची ऑर्डर व्हॉट्सअॅपवर गेली आणि पिंपळगावच्या व्यापाऱ्याने अंगठा दाखवला, तर हे पत्र मानायचे की टेलिफोन?

याच ठिकाणी हुशार विद्यार्थी सर्व्हरचा मुद्दा काढतो. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात राहणाऱ्यांना तर तो सुचतोच, कारण ठाणे-बेलापूर रस्त्यावर जिथे रसायनांचे कारखाने होते तिथे आता डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. मेसेज ऐरोलीतल्या यंत्रात साठला, तर करार ऐरोलीत झाला का? माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम १३ याचे सरळ उत्तर देते: उभयतांनी वेगळे ठरवले नसेल तर नोंद पाठवणाऱ्याच्या व्यवसायाच्या ठिकाणाहून निघाली आणि घेणाऱ्याच्या व्यवसायाच्या ठिकाणी पोचली असे मानायचे, यंत्र कुठेही असो. इतके रूक्ष कलम, पण खामगावनंतर वाचले की विद्यार्थी त्याकडे नीट पाहतात.

चोरीच्या बाबतीत वेगळाच अनुभव येतो, तिथे शब्द ताणता ताणता तुटतो. चोरीसाठी जंगम मालमत्ता दुसऱ्याच्या ताब्यातून हलवावी लागते, आणि जुन्या संहितेच्या कलम २२ मध्ये जंगम मालमत्ता म्हणजे मूर्त मालमत्ता असे होते. वीज मूर्त नाही, म्हणून वीजचोरीला वीज कायद्यात वेगळी तरतूद करावी लागली. १९६५ च्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. कंपनी सोडताना कर्मचाऱ्याने ग्राहकांची यादी पेन ड्राइव्हवर घेतली, तर यादी हललीच नाही, ती मूळ जागी जशीच्या तशी आहे. २०२३ च्या न्याय संहितेत कलम २(२१) लिहिताना ‘मूर्त’ हा शब्द गाळण्यात आला. विद्यार्थ्यांना दोन्ही व्याख्या शेजारी ठेवून फरक शोधायला सांगावा. एखादा तरी तो शब्द हेरतो, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा असतो. अर्थात ‘ताब्यातून हलवणे’ ही अट शिल्लक आहेच, त्यामुळे नकलेची अडचण संपलेली नाही, आणि परवानगीवाचून नक्कल करण्याबद्दलचे कलम ४३(ब) अजून लागतेच.

समन्स, नोटीस, साक्ष यांचे जुने नियम न्यायालयांनी फारशी कुरकुर न करता वाकवले आहेत. डॉ. प्रफुल्ल देसाई यांच्या प्रकरणात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘आरोपीच्या उपस्थितीत’ या शब्दांत व्हिडिओ कॉन्फरन्सवरची उपस्थिती बसवली, आणि २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस उघडल्याच्या खुणेवरून बजावली गेल्याचे मानले. यावर एक तास पुरे.

नवा शब्द जुन्या मुळांवाचून आला तर काय होते, हे मात्र सावकाश शिकवावे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला, जे तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होते, मुंबई बंदबद्दलच्या फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. त्यांना लावलेल्या ६६-अ मध्ये ‘त्रास’, ‘गैरसोय’, ‘घोर आक्षेपार्ह’ असे शब्द होते आणि एकाचीही व्याख्या नव्हती. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात ते कलम घटनाबाह्य ठरले. त्याच्याशेजारी अब्रुनुकसानीचे कलम ठेवावे: ४ स्पष्टीकरणे, १० अपवाद, दीडशे वर्षांचे निवाडे, २०१६ मध्ये त्याच्या वैधतेलाही आव्हान मिळाले आणि ते टिकले. ते टिकायला हवे होते की नाही यावर वर्गात मतभेद असू द्यावेत, माझेही आहेत, पण दोन मसुद्यांतला फरक नजरेआड होता कामा नये.

विशेष कायदा आणि सामान्य कायदा दोन्ही लागू शकत असतील तर कोणता चालवायचा, हा पुढचा टप्पा. २०१६ च्या शरत बाबू दिगुमर्ती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इलेक्ट्रॉनिक अश्लीलतेला ६७ हे विशेष कलम आहे, म्हणून दंड संहितेचे २९२ लावता येणार नाही. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने हाच धागा डेटा नेल्याच्या एका प्रकरणात ओढला आणि आरोपींवरची दंड संहितेची कलमे काढून टाकली. आत्याच्या आरोपीचा वकील नेमका हाच युक्तिवाद करणार, तेव्हा अर्ध्या वर्गाला त्याचे वकीलपत्र द्यावे.

आता पुरावा. यात माझी स्वतःची फजिती सांगणे भाग आहे, कारण विद्यार्थी निवाड्यापेक्षा तिच्यातून जास्त शिकतात. २०१६ च्या सुमारास एका मसाला व्यापाऱ्याचा वसुलीचा दावा माझ्याकडे होता. सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर होत्या. मी स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रती काढल्या, क्रमांक घालून यादीसह दाखल केल्या आणि निर्धास्त झालो. प्रतिपक्षाने हरकत घेतली, न्यायाधीशांनी तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या ६५-ब चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत द्यायचे, प्रमाणपत्र मागितले, मी म्हणालो मूळ मोबाइलच हजर करतो, आणि पक्षकाराने मागच्या बाकावरून कानाशी येऊन सांगितले की तो मोबाइल दिवाळीत नव्या मोबाइलच्या बदल्यात दुकानदाराला देऊन टाकला. हे प्रमाणपत्र सक्तीचे ठरवणारा २०१४ चा अन्वर निवाडा मी वाचलेला होता. मोबाइल जपून ठेवा हे साधे वाक्य पक्षकाराला सांगायचे राहिले होते.

अर्जुन खोतकर प्रकरणातला जुलै २०२० चा निवाडा म्हणूनच अक्षरशः वाचून घ्यावा. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आले की नंतर, हे निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरणावरून ठरायचे होते, आणि अधिकारी प्रमाणपत्र देत नव्हते. न्यायालयाने म्हटले की प्रमाणपत्र आवश्यकच, मूळ उपकरणच हजर केले तर नको, आणि पक्षकाराने शक्य ते सर्व करूनही ते मिळत नसेल तर त्याला अडवू नये. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या आशयावरून गणिताने निघणारी तिची ओळखखूण, भरावे लागते.

हॅश म्हणजे काय हे आकृतीने समजावण्याचा खटाटोप करू नये. एका विद्यार्थ्याला वर्गातच खिडकीचा फोटो काढायला सांगावा, फाइल संगणकावर घेऊन एसएचए-२५६ या पद्धतीने तिचे हॅश मूल्य काढावे आणि ती ६४ अक्षरे फळ्यावर लिहावीत. मग तोच फोटो व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखा पाठवावा, आलेल्या फाइलचे मूल्य काढावे. दोन ओळींत काही मेळ उरत नाही, कारण व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करते. तिसऱ्यांदा तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. आता ६४ च्या ६४ अक्षरे जुळतात. अपघाताचा फोटो ‘मला व्हॉट्सअॅप करा’ असे पक्षकाराला सांगण्याची आपल्या वकिलांची सवय किती महाग पडू शकते, हे त्या वीस मिनिटांत कळते.

आपला तिसरा प्रश्न यातच सुटला असे मला वाटते. प्रोग्रॅम लिहिता येण्याची गरज नाही. आयपी पत्ता माणसाचा नसून इंटरनेट जोडणीचा असतो, इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीकडच्या नोंदी कायम राहत नाहीत म्हणून त्या जपून ठेवण्याचे पत्र तपासी अंमलदाराने लगेच पाठवावे लागते, डिलीट केलेले सगळे नाहीसे होत नाही आणि सगळे परतही येत नाही, एवढे पक्के ठाऊक असावे. उरलेले एखाद्या डिजिटल न्यायवैद्यक तज्ज्ञाला एक दिवस बोलावून भागते.

आत्याच्या पैशांचे राहिले. विद्यार्थ्यांना गुन्ह्याचे कलम शोधण्यात एवढा रस असतो की वसुली ते विसरतात, आणि पक्षकाराला तर तेवढेच हवे असते. पहिल्या तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर तक्रार गेली तर पैसे पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने त्रयस्थाने परवानगीवाचून केलेल्या व्यवहाराची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य ठेवली आहे आणि ती सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला आहे. मात्र ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल तर खबर देईपर्यंतचे नुकसान त्याचे. पडदा दिसू देणे म्हणजे माहिती देणे का, हा वादाचा मुद्दा. शिवाय माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४६ खाली ५ कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईचे दावे न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे चालतात, आपल्या राज्यात ते माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव असतात, आणि कलम ६१ मुळे तेवढ्यापुरते दिवाणी न्यायालयाचे दार बंद आहे. हे दार कित्येक वकिलांनाही ठाऊक नसते.

प्रश्नपत्रिकेत टिपा लिहायला देऊ नका, एवढी विनंती. मी गेल्या वर्षी दिलेला प्रश्न नमुन्यादाखल सांगतो. घोडबंदर रस्त्यावरील एका गृहनिर्माण संस्थेच्या व्हॉट्सअॅप गटावर एका सदस्याने ‘सचिवांनी दुरुस्ती निधी खाल्ला’ असा आवाजी संदेश टाकला. दुसऱ्याने तो शेजारच्या संस्थेच्या गटावर पुढे ढकलला. गटप्रमुख परगावी होते. चौदा महिन्यांनी सचिव आपल्याकडे आले आहेत आणि त्यांच्या मोबाइलमध्ये फक्त पुढे ढकललेली प्रत आहे. दिवाणी दाव्याची एक वर्षाची मुदत, फौजदारी तक्रारीची वेगळी मुदत, प्रसिद्धी म्हणजे काय, गटप्रमुखाला जबाबदार न धरणारा नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निवाडा आणि कलम ६३ चे प्रमाणपत्र नेमके कोणी द्यायचे, हे सगळे त्यात येते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे एकही कलम न लिहिता पूर्ण गुण मिळवणाऱ्या दोन विद्यार्थिनी निघाल्या.

अधिनियमाची प्रत वर्गात नेऊन ठेवावी, ती उघडण्याची वेळ साधारण चौथ्या आठवड्यात येईल. पहिल्या तासाला खामगावचा निवाडा, ठकवणुकीची व्याख्या आणि दोन मोबाइल एवढे जवळ असले म्हणजे झाले.